मुलांचा खेळ आणि बापांचा हिशेब

निर्मळास इतिहासाचे अप्रूप नाही. गावचे तळे, शंकराचार्यांची समाधी आणि कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी यात्रा ह्यांची परंपरा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शेजारच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ साली स्तूप उकरून काढला. त्याच परिसरात अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. बाकीचे लेख काळाने गिळले. म्हणून ते कोरलेच गेले नव्हते, असे कोणी इतिहासज्ञ म्हणणार नाही. हे साधे तत्त्व आम्हांस ठाऊक असूनही स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आम्ही ते विसरलो. त्याची ही कबुली होय.

आमचा मुलगा वयाच्या आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत क्रिकेट खेळला. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत रबरी चेंडूने त्याचा आरंभ झाला आणि पुढे तो मुंबईच्या मैदानांवर जाऊ लागला. पहाटेची एस.टी., मग नालासोपाऱ्याहून लोकल, असा तो प्रवास. विरारहून मुंबईस जाणारी पहिली स्थानिक गाडी १८६७ साली सुटली व १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज पोहोचली. ह्या लोहमार्गाने आमच्या भागातील भाजी, फुले व कारकून मुंबईस नेले. अलीकडे तो पाठीवर बॅटींची पिशवी अडकविलेली मुलेही नेऊ लागला आहे.

ह्या मुलांमागे एक नाव सावलीसारखे चालते. विरारचा पृथ्वी शॉ चार वर्षांचा असता त्याची आई गेली. वडिलांनी स्वतःचा धंदा बाजूस सारला आणि ते मुलास घेऊन पहाटे वांद्र्याची वाट धरू लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये चौदा वर्षांच्या ह्या मुलाने आझाद मैदानावर, शालेय मुलांच्या हॅरिस ढालीच्या सामन्यात, ५४६ धावा काढल्या. २०१८ साली राजकोटास पदार्पणाच्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस ह्यांच्या नावाच्या त्या ढालीने असे कित्येक बाप घडविले असतील, की जे पुत्राच्या मागे पहाटे गाडीत उभे राहिले. आम्हीही त्यांतलेच एक.

परंतु ५४६ धावा निघाल्या, त्या कोणाविरुद्ध? हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली, हे शेंबडे पोरही सांगेल. चेंडूंमागे धावून दमलेल्यांची नावे विचारा, म्हणजे सारे गप्प होतात. त्या दमलेल्यांत साईराज बहुतुले हा मुलगा होता. तो पुढे २००१ साली भारतातर्फे कसोटी खेळला, म्हणून त्याचे तरी नाव टिकले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे ह्याने नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा समोरचा संघ पहिल्या डावात अवघ्या ३१ धावांत बाद झाला होता. त्या अकरा मुलांनाही घरी वडील असतील आणि त्या वडिलांनीही संध्याकाळी काहीतरी विचारले असेल.

आम्ही काय विचारीत होतो, ते सांगतो. आम्ही एक वही ठेविली होती. तीत तारीख, मैदान व धावा अशी तीन सदरे. मुलाची पाळी आली नाही, की धावांच्या सदरात आम्ही कचेरीच्या सवयीने ‘निरंक’ असे लिहीत असू. सोळाव्या वर्षी, दहावीच्या परीक्षेनंतर, ती वही त्याच्या हाती पडली. बराच वेळ चाळून तो एका पानावर थांबला आणि म्हणाला, “बाबा, ह्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मैदानात होतो. दोन झेल घेतले. तुम्ही निरंक लिहिलंय.” त्याच्या स्वरात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. पुढच्या मोसमात तो मैदानावर गेला नाही. वही हेच त्याचे कारण, असे तो म्हणाला नाही; नव्हते, असेही म्हणाला नाही.

धनावडे ह्याने मोडला तो विक्रम १८९९ सालचा. इंग्लंडातील क्लिफ्टनच्या शाळेत ए. ई. जे. कॉलिन्स ह्या तेरा वर्षांच्या मुलाने तेव्हा नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. हा मुलगा जन्मला आपल्याकडील हजारीबागेत. पुढे तो सैन्यात गेला, प्रथम दर्जाचा एकही सामना खेळला नाही आणि १९१४ साली ईप्रच्या रणांगणावर पडला. पोरवयातील अंक पुढच्या आयुष्याची हमी देत नाहीत, हा त्याचा धडा. खुद्द प्रणवच्या रिक्षाचालक वडिलांनी २०१७ साली, मुलाची कामगिरी पूर्वीसारखी होत नाही म्हणून, क्रिकेट संघटनेकडून मिळणारी दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती थांबविण्याची विनंती केली. हजार धावांपेक्षा आम्हांस हे पत्र मोठे वाटते. ज्या पैशावर मुलाच्या धावांचे ओझे होते, तो त्यांनी आपण होऊन दूर केला.

आज मुलगा नोकरीत आहे. रविवारी तो मित्रांबरोबर रबरी चेंडूने खेळतो व चिखलाने भरून परततो. धावा किती, हे आम्ही विचारीत नाही. तोच आपण होऊन सांगतो, आणि बहुधा झेलांविषयी सांगतो. जुनी वही आम्ही टाकून दिली नाही. ‘निरंक’ हा शब्द जेथे जेथे होता, तेथे त्यास विचारून, आठवेल तेवढे आम्ही लिहून घेत आहो. बरेचसे त्यासही आठवत नाही. ती पाने कोरी राहतील. परंतु निरंक नव्हेत.