बंदूक कोणाची, नेम कोणाचा?

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विंबल्डनच्या माळावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाची गोळी झाडली खुद्द व्हिक्टोरिया राणीने. लक्ष्य ४०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६५ मीटर दूर होते. गोळी लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली.

राणी काही नेमबाज नव्हती. रायफल एका टेकूवर पक्की बसवलेली होती, नेम आधीच लावून ठेवलेला होता. राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली.

हा प्रसंग ऐकून एखादा म्हणेल, नेम हा बंदुकीचाच असतो; माणूस केवळ निमित्त. दुसरा म्हणेल, टेकूवर नेम कुणीतरी लावलाच होता ना? हा वाद आजही चालू आहे आणि तो फक्त बंदुकीपुरता नाही. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही तो रोज होतो. 'साधने चांगली नाहीत, म्हणून प्रयोग जमत नाही' असे एक शिक्षक म्हणतात. 'हात चांगला हवा, साधन कसलेही चालते' असे दुसरे म्हणतात. या वादाकडे वैज्ञानिकाच्या नजरेने कसे पाहावे, हे समजून घ्यायला दूर पल्ल्याच्या नेमबाजीचा इतिहास फार उपयोगी आहे. कारण तिथे दोन्ही बाजूंच्या गुणांची नोंद झालेली आहे.

साधनाचा विजय

राणीच्या हातची रायफल जोसेफ व्हिटवर्थ यांनी बनवलेली होती. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण १८४१ मध्ये सुचवणारे आणि अतिसूक्ष्म मापनासाठी गाजलेले अभियंते ते हेच. त्या काळी ब्रिटिश सैन्यात एन्फिल्ड रायफल होती. तिच्याच काडतुसांमुळे १८५७ मध्ये आपल्याकडे असंतोषाचा भडका उडाला. एन्फिल्डच्या नळीतल्या खाचा ७८ इंचांत एक पीळ घेत. व्हिटवर्थनी नळी आतून षट्कोनी केली आणि पीळ २० इंचांत एक इतका घट्ट केला. गोळी सडपातळ आणि लांब केली. घट्ट पिळामुळे ती वेगाने स्वतःभोवती फिरू लागली आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहू लागली.

१८५७ मध्ये दोन्ही रायफलींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन सुमारे सव्वादोन फूट भरले. व्हिटवर्थचे साडेचार इंचांच्या आसपास. म्हणजे सहापट फरक! एन्फिल्ड ज्याच्या हाती आहे, तो कितीही कुशल असो, गोळ्या दोन फूट विखुरणारच. तेव्हा पहिली गोष्ट मान्य केली पाहिजे: साधनाला स्वतःची एक मर्यादा असते आणि कौशल्य ती ओलांडू शकत नाही.

मग कौशल्याला वाव उरतो कुठे? त्यासाठी थोडे गणित करू.

तीन सेकंदांचा प्रवास

१००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. त्या काळच्या काळ्या दारूच्या रायफलीतून गोळी सेकंदाला साधारण ४१० मीटर वेगाने निघे असे धरू. हवेच्या विरोधामुळे वेग कमी होत जाई आणि लक्ष्यापर्यंत पोचायला सुमारे ३ सेकंद लागत. तीन सेकंदांत मोकळी वस्तू किती खाली येते? ½ × ९.८ × ३ × ३ = सुमारे ४४ मीटर. म्हणजे नळी लक्ष्याच्या वर ४४ मीटरवर, चौदा-पंधरा मजली इमारतीच्या गच्चीकडे रोखायची, तेव्हा गोळी तळमजल्यावर लागणार.

आता समजा, दारू किंचित कमी पडली किंवा नळीत आधीच्या बाराची काजळी राहिली आणि गोळीला ३ ऐवजी ३.०३ सेकंद लागले. फरक फक्त एक टक्का. पण आता गोळी ४५ मीटर खाली येते, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर जास्त. लक्ष्याचा मधला चौकोन त्या वेळी ३ फुटांचा, म्हणजे ९१ सेंटिमीटरचा असे. एक टक्क्याच्या चुकीने चौकोनाच्या मध्यावर जाणारी गोळी चौकोनाबाहेर पडते.

वाऱ्याचे गणितही असेच. हवा नसती, तर ४१० मीटर वेगाच्या गोळीला ९१४ मीटर जायला २.२ सेकंद पुरले असते. प्रत्यक्षात ३ लागतात. हा जो ०.८ सेकंदाचा विलंब, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की गोळी किती बाजूला सरकली ते साधारण कळते. ताशी १० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. गुणाकार येतो सव्वादोन मीटर. एवढा वारा तर आपल्या चेहऱ्याला नुसता गार लागतो. पण तो ओळखून नेम सव्वादोन मीटर बाजूला धरला नाही, तर उत्तमोत्तम रायफलही चुकणार. टेकूवरच्या रायफलीला हा वारा कळत नाही. तो माणसालाच ओळखावा लागतो. दूरचे निशाण, हलणारे गवत, उन्हातली थरथरणारी हवा पाहून.

क्रीडमूर, १८७४

या दोन गोष्टींचा सामना एकदा जाहीरपणे झाला. १८७३ मध्ये आयर्लंडच्या नेमबाजांनी विंबल्डनची मानाची एल्को ढाल जिंकली आणि वृत्तपत्रातून अमेरिकनांना आव्हान दिले. अमेरिकेची रायफल संघटना १८७१ मध्ये स्थापन झालेली. न्यूयॉर्कजवळचे क्रीडमूरचे मैदान १८७३ मध्ये नुकते सुरू झालेले. हजार यार्डांच्या नेमबाजीचा अनुभव तिथे जवळजवळ कुणालाच नव्हता. तरी आव्हान स्वीकारले गेले. रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांनी त्यासाठी खास रायफली तयार केल्या.

आयरिश संघाच्या रायफली जॉन रिग्बी यांच्या कारखान्याच्या. त्या ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची. अमेरिकनांच्या रायफली मागच्या बाजूने काडतूस घालून भरायच्या. अनेक जाणकारांचे मत होते, की अचूकपणात ठासणीच्या रायफलीची बरोबरी मागून भरायची रायफल करू शकणार नाही. तेव्हा ही लढत माणसांची होती, तशी दोन तंत्रांचीही होती.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी सामना झाला. प्रत्येक संघात सहा जण. ८००, ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी १५ गोळ्या. मधल्या चौकोनाला ४ गुण, बाहेरच्या भागांना ३ आणि २. शेवटची गोळी अमेरिकेच्या जॉन बोडिन यांची उरली, तेव्हा आयर्लंडचे ९३१ गुण झाले होते आणि अमेरिकेचे ९३०. त्याआधी थोडाच वेळ जिंजर बिअरची बाटली उघडताना ती फुटून बोडिन यांचा हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून ते पडवे झाले, नेम धरला आणि गोळी मधल्या चौकोनात बसली. ९३४ विरुद्ध ९३१!

अमेरिकन वृत्तपत्रांना आनंद झाला आणि मागून भरायच्या रायफलींचा विजय झाला असे ठरून गेले. पण आपण जरा थांबून गुण पाहू.

आकडे काय सांगतात?

अमेरिका, रेमिंग्टन रायफल: फुल्टन १७१, बोडिन १५८, हेपबर्न १४९.
अमेरिका, शार्प्स रायफल: येल १६२, गिल्डरस्लीव्ह १५५, डेकिन १३९.
आयर्लंड, रिग्बी रायफल: रिग्बी १६३, विल्सन १६०, हॅमिल्टन १६०, मिलनर १५४, जॉन्सन १५०, वॉकर १४४.

सरासरी काढा. अमेरिकेची १५५.७, आयर्लंडची १५५.२. दोन तंत्रांमधला फरक माणशी अर्धा गुण. पण एकाच रेमिंग्टन रायफलीने फुल्टन १७१ करतात आणि हेपबर्न १४९. फरक २२ गुणांचा! हेपबर्न हे रेमिंग्टन कारखान्यातलेच. ती रायफल तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. उलट रिग्बी हेही रायफली बनवणारेच, पण ते आपल्या संघात पहिले आले. म्हणजे साधन घडवण्याचे कौशल्य आणि वापरण्याचे कौशल्य एकाच माणसात असेल किंवा नसेलही.

अंतरानुसार पाहिले तर आणखी गंमत दिसते. ८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ९०० वर ३१० आणि ३१२. १००० वर २९८ आणि ३०२. जसजसे अंतर वाढले, तसतशी 'जुनी' ठासणीची रायफल पुढे गेली. शिवाय मिलनर यांची एक गोळी बरोबर मधल्या चौकोनात लागली होती, पण शेजारच्या दुसऱ्याच लक्ष्यावर! तिला गुण मिळाला नाही. तिचे ४ गुण मिळते, तर आयर्लंड ९३५ ने जिंकले असते आणि वृत्तपत्रांनी ठासणीच्या रायफलीचा विजय जाहीर केला असता. ही चूक ना नळीची, ना हाताची. ती लक्ष देण्यातली.

पुढे १८७५ मध्ये आयर्लंडमधल्या डॉलीमाउंट येथे आणि १८७७ मध्ये क्रीडमूरला ब्रिटिश संघाविरुद्ध अमेरिकन पुन्हा जिंकले. ठासणीच्या रायफली स्पर्धेतून हळूहळू मागे पडल्या. मग अखेर साधनच जिंकले का? तसे म्हणता येत नाही. कारण या तीन वर्षांत अमेरिकनांच्या रायफली सुधारल्या आणि सरावही वाढला. दोन घटक एकदम बदलले की परिणाम कोणामुळे झाला, हे सांगता येत नाही.

माळावर आणि जंगलात

स्पर्धेत अंतर ठाऊक असते, लक्ष्य हलत नाही आणि नेम चुकला तर फक्त गुण जातो. शिकारीत यातले काहीच नसते.

त्याच १८७४ सालच्या जून महिन्यात टेक्ससमधल्या अॅडोबी वॉल्स या ठिकाणी बायसन मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या तळावर कोमांची, शायेन आदी जमातींनी हल्ला केला. ज्या कळपांवर त्यांचे जीवन अवलंबून होते, ते नष्ट होत होते. या लढाईत बिली डिक्सन या शिकाऱ्याने उसन्या शार्प्स रायफलीने फार दूरवरच्या घोडेस्वाराला पाडले. हे अंतर १५३८ यार्ड सांगितले जाते. ही गोळी दंतकथा बनली. पण ती नशिबाने लागली, असे डिक्सन यांनीच पुढे आपल्या आठवणींत मान्य केले. क्रीडमूरला प्रत्येक संघाच्या २७० गोळ्या मोजल्या गेल्या, तरी निकाल तीन गुणांचा. मग एका गोळीवरून बंदुकीची किंवा माणसाची थोरवी कशी ठरवावी?

बायसनच्या शिकाऱ्यांचे खरे कौशल्य निराळेच होते. वाऱ्याची दिशा पाहून लपत जवळ जायचे, कळपाची म्होरकी मादी ओळखून आधी तिला पाडायचे, म्हणजे बाकीचा कळप गोंधळून जागीच थांबतो. दूर मारणारी रायफल आणि हे कौशल्य एकत्र आले, वर कातड्याच्या बाजाराची भर पडली आणि कोट्यवधींची संख्या संपली. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद केली, तेव्हा जगात मोजून १,०९१ बायसन शिल्लक असल्याचे त्यांनी नोंदवले.

आपल्याकडचे उदाहरण जिम कॉर्बेट यांचे. १९०७ मध्ये कुमाऊंतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा माग काढताना त्यांच्याजवळची तीनच काडतुसे संपली. वाघीण जखमी होती. तहसीलदाराची जुनी बंदूक घेऊन ते वीस फुटांवर गेले, वाघिणीच्या तोंडावर नेम धरला आणि गोळी लागली तिच्या पंजाला! वीस फुटांवर कॉर्बेटांचा नेम चुकत नाही, तो त्या बंदुकीने चुकवला. वाघीण मेली ती मुख्यतः आधीच्या जखमांनी. या कामगिरीबद्दल त्यांना उत्तम रायफल भेट मिळाली. ती होती रिग्बीची, त्याच आयरिश संघातल्या रिग्बींच्या कंपनीची. पण उत्तम रायफल हाती आल्यावरही कॉर्बेट दूरवरून गोळ्या झाडू लागले नाहीत. माग वाचायचा, रान ओळखायचे आणि अंतर कमी करायचे, हीच त्यांची पद्धत राहिली. शिकारीत चुकलेल्या नेमाची किंमत जखमी जनावर आणि त्याच्या पुढ्यात येणारी माणसे मोजतात, हे ते जाणून होते.

न झालेला प्रयोग

क्रीडमूरला एक गोष्ट कुणी केली नाही. दुपारी दोन्ही संघांनी रायफली अदलाबदल करून पुन्हा गोळ्या झाडल्या असत्या, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळाले असते. ते आपण वर्गात करू शकतो.

एक लंबक टांगा. तीन प्रकारची घड्याळे घ्या: सेकंदकाट्याचे मनगटी, साधे विरामघड्याळ आणि सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे अंकीय घड्याळ. तीन विद्यार्थी निवडा. प्रत्येकाने प्रत्येक घड्याळाने दहा आंदोलनांचा वेळ पाच-पाच वेळा मोजावा. नऊ चौकटींचा तक्ता करा आणि प्रत्येक चौकटीत पाच मापे किती विखुरली ते लिहा. मग आडव्या ओळी आणि उभे रकाने ताडून पाहा. फरक घड्याळ बदलल्याने जास्त पडतो की विद्यार्थी बदलल्याने? अंकीय घड्याळ शंभरावा भाग दाखवते खरे, पण दिसल्यावर बटण दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तिथे घड्याळ महाग घेऊन काय साधणार? उलट सेकंदकाट्याच्या घड्याळाने मोजताना कितीही तत्पर हात असला, तरी अर्ध्या सेकंदाच्या आतले त्याला कसे दिसणार?

साधनांची मागणी लिहिण्यापूर्वी असा तक्ता करून पाहावा. चूक साधनाची असेल, तर तो तक्ताच मागणीला जोडावा. त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही. चूक हाताची असेल, तर तिला सरावाखेरीज उपाय नाही, आणि सरावाला पैसे लागत नाहीत.