एकाच संघाचा सामना

२१ नोव्हेंबर १९७३ची संध्याकाळ. चिलीची राजधानी सांतियागो येथील राष्ट्रीय स्टेडियम. लाल जर्सी घातलेले अकरा खेळाडू मध्यरेषेवर उभे राहिले, पंचांनी शिट्टी वाजवली आणि चेंडू एकमेकांकडे सरकवत ते समोरच्या गोलकडे निघाले. त्यांना अडवायला कुणी आले नाही, कारण समोर कुणी नव्हतेच. गोलरक्षकाची जागा रिकामी होती. कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देसने गोलरेषेपाशी येऊन चेंडू अलगद जाळ्यात ढकलला. फलकावर चिलीच्या नावापुढे १ हा आकडा लागला आणि चिली १९७४च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

प्रतिस्पर्धी होता सोव्हिएत संघ. तो हजारो मैलांवर मॉस्कोत होता.

ही कथा सुरू होते साध्या वेळापत्रकापासून. त्या विश्वचषकाची एक जागा युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्यातील एका गटविजेत्या जोडीसाठी होती. सोव्हिएत संघाने फ्रान्स आणि आयर्लंडच्या गटातून बाजी मारली होती. चिलीने ऑगस्ट १९७३मध्ये माँतेव्हिदेओ येथे पेरूला हरवले होते. आता एक सामना मॉस्कोत, दुसरा सांतियागोत. दोन्ही देशांची गाठ याआधी १९६२च्या विश्वचषकात पडली होती आणि यजमान चिलीने तेव्हा आरिका शहरात सोव्हिएत संघाला घरी पाठवले होते. आता मात्र दोन्ही सरकारे एकमेकांची मित्र होती. चिलीचे अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे हे मतपेटीतून सत्तेवर आलेले समाजवादी नेते होते. मैत्रीच्या वातावरणात दोन सामने व्हायचे, एवढाच बेत होता.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने बंड केले. अध्यक्षांच्या ‘ला मोनेदा’ प्रासादावर विमानांतून बॉम्ब पडले, आयेंदे यांचा त्यातच अंत झाला आणि जनरल आउगुस्तो पिनोशे यांच्या नेतृत्वाखालील लष्करी मंडळाने सत्ता हाती घेतली. मॉस्कोतील सामना अवघ्या पंधरा दिवसांवर आला होता. नव्या सत्तेला जगापुढे ‘देश सुरळीत आहे’ असे दाखवायचे होते आणि त्यासाठी फुटबॉल संघापेक्षा सोयीचे साधन कोणते असणार? संघ रवाना झाला. त्यात कार्लोस कासेली आणि लिओनार्दो वेलिस यांच्यासारखे उघडपणे डाव्या विचारांचे खेळाडू होते. मागे राहिलेल्या घरच्यांचे काय होईल, ही धास्ती घेऊनच ते विमानात बसले. ते वाटेत असतानाच मॉस्कोने चिलीशी राजनैतिक संबंध तोडले.

२६ सप्टेंबरला मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर सामना झाला. सोव्हिएत दूरचित्रवाणीने तो दाखवला नाही. कडाक्याच्या थंडीत एलियास फिगेरोआ आणि आल्बेर्तो किन्तानो या बचावपटूंनी अक्षरशः भिंत उभी केली आणि सामना गोलशून्य सुटला. आता सारा निकाल सांतियागोच्या सामन्यावर होता.

सांतियागोच्या मैदानाचे मात्र काही तरी वेगळेच झाले होते.

राष्ट्रीय स्टेडियम ही चिलीच्या अभिमानाची वास्तू. १९६२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथेच झाला होता. बंडाच्या दुसऱ्याच दिवसापासून लष्कराने तिचा तुरुंग केला. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, पक्ष कार्यकर्ते, केवळ संशयावरून उचललेली माणसे ट्रकांतून तेथे आणली जाऊ लागली. कपडे बदलण्याच्या खोल्यांत आणि प्रेक्षकांच्या सज्जांखालील बोगद्यांत माणसे दाटीवाटीने कोंबली गेली. स्त्रियांना जलतरण तलावालगतच्या खोल्यांत ठेवले गेले. शेजारच्या सायकल शर्यतीच्या मैदानात चौकशी चाले. त्या चौकशीत विजेचे झटके होते, मारहाण होती. दिवसा कैद्यांना सज्जांत बसवले जाई आणि बुरखा घातलेला एक खबऱ्या त्यांच्यापुढून फिरत बोट दाखवी. ज्याच्याकडे बोट वळे, त्याला पहारेकरी घेऊन जात. फाटकाबाहेर आया-बायका आपल्या माणसाची खबर मिळेल या आशेने दिवसचे दिवस उभ्या असत. सप्टेंबरच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अंदाजानुसार तेथे सुमारे ७,००० कैदी होते आणि त्यांत परदेशी नागरिकही होते.

(येथे एक गल्लत नेहमी होते. गायक व्हिक्तोर हारा यांची हत्या या स्टेडियममध्ये झाली, असे अनेकदा लिहिले जाते. ते ठिकाण निराळे: त्याच शहरातील ‘चिली स्टेडियम’ हे बंदिस्त क्रीडागृह. आज त्याला हारा यांचेच नाव आहे.)

सामना तटस्थ देशात खेळवावा, अशी मागणी सोव्हिएत फुटबॉल महासंघाने फिफाकडे केली. त्या वेळी फिफाचे अध्यक्ष होते इंग्लंडचे सर स्टॅन्ले रौस. ‘खेळात राजकारण नको’ हा त्यांचा लाडका सिद्धान्त. फिफाने पाहणीसाठी दोन माणसे पाठवली: सरचिटणीस हेल्मुट केझर आणि उपाध्यक्ष आबिलिओ द आल्मेडा.

२४ ऑक्टोबरला हे दोघे स्टेडियममध्ये आले. त्यांनी हिरवळ पाहिली, मोकळे सज्जे पाहिले. त्याच वेळी हजारो माणसे त्यांच्या पायांखालच्या खोल्यांत आणि बोगद्यांत बंदुकीच्या धाकाने गप्प बसवलेली होती. सुटून आलेल्या कैद्यांनी पुढे हे वारंवार सांगितले आहे. पाहुण्यांनी अहवाल दिला की शहरातील जीवन सुरळीत आहे आणि स्टेडियममध्ये आहेत ते कैदी नव्हेत, ओळख पटवण्यासाठी थांबवून ठेवलेले लोक आहेत. मैदान खेळण्यास योग्य ठरले. हा अहवाल निव्वळ भोळेपणाने लिहिला गेला, असे मानणे कठीण आहे. जे पाहायचेच नव्हते, ते दिसले नाही, इतकेच.

सोव्हिएत महासंघाने मग ठाम नकार कळवला: चिलीच्या देशभक्तांच्या रक्ताने माखलेल्या मैदानावर आमचे खेळाडू पाऊल ठेवणार नाहीत. भूमिका उदात्त होती. पण ती घेणाऱ्यांच्या स्वतःच्या देशात छावण्या आणि तुरुंग ओस पडलेले नव्हते. घरच्या मैदानावर गोल करता न आल्याने सामना अवघड झाला होता, हेही खरे. हेतू कितीही मिसळलेले असोत, त्या सज्जांखाली काय चालले आहे हे फुटबॉलच्या जगात मोठ्याने म्हणणारा आणि त्यासाठी विश्वचषक गमावणारा संघ तेवढा एकच निघाला.

नोव्हेंबरच्या पूर्वार्धात स्टेडियम रिकामे करण्यात आले. काही कैदी सुटले. कित्येकांची रवानगी आताकामा वाळवंटातील चाकाबुको या ओसाड खाणवस्तीत झाली. मैदान झाडून-पुसून सज्ज झाले.

आता वस्तुतः प्रतिस्पर्धी येणार नाही हे ठाऊक असताना सामन्याचा देखावा करण्याची काय गरज होती? पण तो झाला. सुमारे १८,००० प्रेक्षक आले, राष्ट्रगीत झाले, आणि वाल्देसने तो गोल केला. तिकीट काढून आलेल्यांसाठी लगोलग ब्राझीलच्या सांतोस संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला होता. चिली तो ०-५ असा हरला.

१९७४मध्ये विश्वचषकाला निघालेल्या संघाला निरोप द्यायला पिनोशे स्वतः आले. रांगेतील प्रत्येकाशी हस्तांदोलन करत ते कासेलीपाशी पोहोचले, तेव्हा त्याने आपले हात पाठीमागे नेले. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले. विश्वचषकाच्या इतिहासात प्रत्यक्ष दाखवले गेलेले ते पहिले लाल कार्ड. पुढचा सामना कम्युनिस्ट पूर्व जर्मनीशी होता. तो टाळण्यासाठीच त्याने मुद्दाम कार्ड ओढवून घेतले, असा आरोप मायदेशी झाला.

त्याच्या आईला, ओल्गा गारिदो यांना, लष्कराने पकडून नेऊन छळ केला होता. वर्षानुवर्षे ही गोष्ट घराबाहेर गेली नाही.

१९८८मध्ये पिनोशे यांना आणखी आठ वर्षे सत्ता द्यावी की नाही, यावर सार्वमत घेण्यात आले. विरोधकांना दूरचित्रवाणीवर रोज पंधरा मिनिटे मिळत, तीही रात्री उशिरा. त्यातल्या एका भागात वयस्क, नीटनेटक्या पोशाखातल्या एक बाई आपल्याला कसे उचलून नेले, डोळ्यांवर पट्टी बांधून काय केले, हे शांतपणे सांगताना दिसल्या. मग देशातल्या पोराटोरांना ठाऊक असलेला एक मिशाळ चेहरा पडद्यावर आला. आपले मत ‘नाही’ आहे, असे कासेलीने सांगितले, आणि ही बाई आपली आई आहे, हेही. ५ ऑक्टोबरला सुमारे ५६ टक्के मतदारांनी ‘नाही’वर खूण केली.

राष्ट्रीय स्टेडियममध्ये आजही सामने होतात. पुढे नूतनीकरणात साऱ्या सज्जांत प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या गेल्या. आठव्या प्रवेशद्वारापाशी मात्र १९७३मधल्या जुन्या लाकडी बाकांचा एक तुकडा कुंपण घालून तसाच ठेवला आहे. मैदान खचाखच भरलेले असते, तेव्हाही त्या बाकांवर कुणाला बसू दिले जात नाही.