भेटकलम आणि कुंडीतला पाइन

आंब्याचे भेटकलम पाहिले नाही असा कोकणी माणूस विरळा. परंतु तीच विद्या जपानात कुंडीतल्या पाइन वृक्षावरही चालते, हे आमच्या ध्यानी यावयास सिमल्याची बदली घडावी लागली. आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागील उतारावर कैल वृक्षांची लहानशी राई आहे. कैलाच्या एकेका झुबक्यात मोजून 5 सुया असतात. जपानातील ज्या पाइनला बोन्सायच्या कलेत मोठा मान आहे, त्याचे नाव 'गोयोमात्सु', म्हणजे 'पाच पानांचा पाइन'. कैल हा त्याचाच नातलग. हे नाते कळल्यावर जिज्ञासा वाढली, कचेरी सुटल्यावर वाचनालयात जाणे वाढले, आणि अखेर दोन कुंड्याही घरात आल्या. त्या वाचनाचे सार वाचकांपुढे ठेवीत आहोत. कुंड्यांची हकीकत शेवटी येईल.

कलमाच्या इतर प्रकारांत फांदी वा डोळा मातृवृक्षापासून आधी तोडतात आणि मग दुसऱ्या झाडावर बसवितात. भेटकलमात प्रथम काहीच तोडावयाचे नसते. दोन्ही झाडे आपापल्या मुळांवर उभी असतात. दोघांची साल एकेका ठिकाणी तासून, सालीखालचा ओला, वाढता थर एकमेकांस भिडवून ती जागा घट्ट बांधतात. काही काळाने त्या थरांतून नव्या पेशी उपजतात, रसवाहिन्या जुळतात, आणि त्यानंतरच एका बाजूचा जुना आधार तोडतात. विलग होण्यापूर्वी मीलन झालेले असावे, हे या विद्येचे मर्म होय.

ही युक्ती मानवाने अरण्यातच शिकली असावी. वाऱ्याने एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्या सालपटे झडून कालांतराने एकजीव झालेल्या कोणत्याही जुन्या राईत दिसतात. लेखी पुरावा मात्र चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाइतका जुना आहे. फान शंग-च याच्या कृषिग्रंथात प्रचंड भोपळा मिळविण्याची एक रीत दिली आहे. दहा वेल जवळजवळ लावावेत, ते वाढल्यावर त्यांचे दहा देठ एकत्र आणून कापडाने गुंडाळावेत व वर चिखल लिंपावा. थोड्या दिवसांत ते एक होतात. मग सर्वांत जोमदार शेंडा राखून बाकीचे खुडावेत, म्हणजे दहा मुळांचा रस एका वेलाला मिळतो. रोममध्ये इ. स. पू. 160 च्या सुमारास केटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात, शेजारच्या दोन द्राक्षवेलींच्या कोवळ्या काड्या तिरप्या तासून, गाभ्याला गाभा लावून सालीने बांधावयास सांगितले आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब इत्यादी वृक्षांच्या कलमाचा विचार केला आहे. एकाच भूमीने ही विद्या शोधली आणि इतरांनी ती उसनी घेतली, असे म्हणावयास आधार नाही.

गोव्याची कथा मात्र उसनवारीची आहे, आणि तीत लाजण्यासारखे काही नाही. आंबा आपला; परंतु कोयीपासून वाढविलेल्या आंब्याला मातृवृक्षाचे गुण लाभतीलच अशी शाश्वती नसते. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी कलमाची रीत आंब्याला लावली आणि उत्तम फळाचे गुण टिकवून धरले. हापूसचे नाव आल्फोन्सो द आल्बुकर्कवरून पडले असे सामान्यतः सांगतात. परंतु सतराव्या शतकातील प्रवासी मनुची गोव्याच्या श्रेष्ठ आंब्यांची नावे देताना 'निकोलाव आफोंसोचे आंबे' असा उल्लेख करतो. तेव्हा तो आफोंसो राज्यकर्ता नसून एखादा बागाईतदारच नसेल ना, अशी शंका घेण्यास जागा आहे. कोकणातल्या मोठ्या कलमांभोवती माच बांधून त्यावर रोपांच्या कुंड्या चढवीत आणि एकेक रोप एकेका फांदीला भेटवीत. कोयकलमाचा प्रसार झाल्यावर हे दृश्य दुर्मिळ झाले आहे.

आता जपानकडे वळू. उथळ पात्रात वृक्ष वाढविण्याची कल्पना तेथे चीनमधून गेली. तांग राजवंशातील राजपुत्र ली श्येन याच्या थडग्यातील इ. स. 706 च्या भित्तिचित्रांत पात्रातील लहानसा देखावा हाती घेतलेला सेवक दिसतो. जपानात 1309 च्या 'कासुगा गोंगेन' चित्रपटात पात्रांतील झाडे रेखाटलेली आहेत. 'हाचीनोकी' या नो नाट्यातील दरिद्री सामुराई हिमवृष्टीच्या रात्री दारी आलेल्या पांथस्थाला ऊब मिळावी म्हणून आपली जिवापाड जपलेली कुंडीतील तीन झाडे जाळतो. ती झाडे म्हणजे प्लम, चेरी आणि पाइन. 1623 ते 1651 या काळात सत्तेवर असलेला तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु याच्या नावाने ओळखला जाणारा एक गोयोमात्सु टोकियोच्या राजवाड्यातील संग्रहात आजही आहे. शोगुन गेले, त्यांची सत्ताही गेली. त्याच्या कुंडीला पाणी घालणारा हात मात्र कधी खंडित झाला नाही.

पाइनला भेटकलमाची गरज का पडावी, हे त्याच्या स्वभावात आहे. वड वा पिंपळ कोठेही छाटला तरी जुन्या लाकडातून अंकुर फोडतो. पाइनचे तसे नाही. ज्या जुन्या भागावरील सुया गळून गेल्या, तेथे नवा अंकुर सहसा फुटत नाही. फांद्या लांबत जातात, हिरवेपण टोकाशी उरते, आणि खोडाजवळचा भाग उघडा पडतो. शंभर वर्षांचे खोड असावे, पण योग्य जागी फांदी नसावी, अशी अडचण उभी राहते. अशा वेळी जपानी माळी त्याच झाडाची एखादी लांब डहाळी वळवून उघड्या जागेवर आणतो, किंवा दुसऱ्या कुंडीतील रोप शेजारी ठेवून त्याची फांदी तेथे भिडवितो. खोडात फांदीच्या मापाची खाच घेणे, फांदीची साल तितकीच तासणे, राळ सुकण्यापूर्वी दोहोंना बसविणे, घट्ट बांधणे आणि फटी मलमाने बुजविणे हा त्याचा क्रम. जपानी भाषेत या कलमाला 'योबित्सुगी' म्हणतात. 'योबु' म्हणजे बोलावणे, 'त्सुगी' म्हणजे जोड. आम्ही त्याला भेट म्हणतो, ते बोलावणे म्हणतात. दोन्ही भाषांना येथे आतिथ्यच सुचले, हे आम्हांस मोठे गोड वाटते.

मुळांचीही भरपाई याच रीतीने होते. बुंध्याच्या एका अंगास मुळे नसतील, तर तेथे रोप भिडवून त्याचे मूळ बुंध्याचे करून घेतात. शिवाय गोयोमात्सु काळ्या पाइनच्या जोमदार मुळांवर चढविण्याची रूढी आहे. अशा झाडात खाली खडबडीत काळी साल आणि वर नितळ साल असा भेद जन्मभर दिसतो, म्हणून सांधा जितका मुळांजवळ तितके कलम चांगले मानतात. शिकोकू बेटावरील ताकामात्सु हे पाइन-बोन्सायचे मोठे केंद्र. त्या शहराच्या नावाचा अर्थच 'उंच पाइन' असा आहे.

1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील काही बोन्साय-व्यावसायिकांनी शहर सोडले आणि 1925 मध्ये ओमिया येथे बोन्साय-ग्राम वसविले. निदान 10 बोन्साय बाळगावेत, दार सर्वांस उघडे असावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण झाडांचेच असावे, असे त्यांचे नियम होते. झाडांवर सावली पडू नये म्हणून माणसांनी आपली घरे ठेंगणी ठेविली.

परंतु या इतिहासातील सर्वांत मोठी हकीकत हिरोशिमाची आहे. यामाकी कुटुंबाच्या बागेत 1625 पासून जोपासलेला एक गोयोमात्सु होता. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँब पडला, तेव्हा ही बाग स्फोटस्थानापासून सुमारे 3 किलोमीटरवर होती. भिंतीच्या आडोशाने झाड वाचले, कुटुंबही वाचले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षे झाली, त्या 1976 साली जपानने तिला 53 बोन्साय भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. ते कशातून वाचले होते, याची वॉशिंग्टनच्या त्या संग्रहालयास कल्पना नव्हती. 2001 मध्ये यामाकींचे दोन नातू झाड पाहावयास गेले, तेव्हा ती गोष्ट कळली. ज्या देशाने बाँब टाकला, त्याच्याच माळ्यांच्या हाती झाड सोपवावे आणि त्याविषयी गाजावाजा करू नये, याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आमच्या कुंड्यांविषयी. पहिल्या वर्षी फाल्गुनात आम्ही एका कैलाच्या उघड्या खोडावर दुसऱ्या रोपाची फांदी भिडविली. आश्विनात सांधा चांगला फुगलेला दिसला. फाइल निकालात काढावी तशा उत्साहाने आम्ही मुळाकडची बाजू एका घावात तोडली. तीन आठवड्यांत सुया निस्तेज झाल्या आणि दिवाळीनंतर फांदी वाळली. गावी दूरध्वनी करून वडिलांना सांगितले. त्यांनी हयातभर आंबे भेटविले आहेत. पाइन त्यांनी पाहिलेलाही नाही. ते एवढेच म्हणाले, "अरे, सांधा फुगला म्हणजे जुळला नव्हे. सांध्याच्या पुढची काठी मागच्या काठीपेक्षा जाडावली होती का, ते पाहिलंस?" आम्ही पाहिले नव्हते. फांदी नव्या खोडावर पोसू लागली, म्हणजे सांध्यापुढचा भाग मुळाकडच्या भागापेक्षा जाड होतो. जपानी माळीही हीच खूण पाहतो. आणि आधार तोडावयाचा तोही टप्प्याटप्प्याने.

दुसरे कलम बांधल्यास आता दोन वाढीचे हंगाम झाले. पुढची काठी स्पष्टपणे जाड आहे. गेल्या महिन्यात आम्ही मागची काठी तिसरा हिस्सा छेदली, या महिन्यात अर्ध्यापर्यंत. सुया हिरव्या आहेत. शेवटचा छेद राहिला आहे, आणि तेवढ्यात चेन्नईच्या बदलीचा हुकूम हाती आला आहे. तेथील उन्हाळ्यात कैल जगणार नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये याच डोंगरातले एक सहकारी राहतात. त्यांनी कुंडी ठेवून घेण्याचे मान्य केले आहे. झाड कोणाचे समजावयाचे, असे त्यांनी विचारले. कुंडी त्यांच्या ओट्यावर ठेवून आम्ही सांगितले, की घाई करू नका. सुया निस्तेज दिसल्या तर थांबा, आणि हिरव्या राहिल्या तर येत्या महिन्यात उरलेली काठी धारदार सुरीने कापा. त्यांनी ते कॅलेंडरवर लिहून घेतले.