बोरघाट, कापसाची गाठ आणि सरकारी शिक्का

१/ २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. घाट उतरून कर्जतमार्गे मुंबईस जाणाऱ्या कापसाचे भवितव्य या दोन्ही घटनांनी बदलले.

२/ पूर्वी दख्खनचा माल बैलांवर लादून घाटाखाली येई. १८३० मध्ये गाडीरस्ता झाल्यावर गाड्या खोपोलीस उतरू लागल्या. तेथून पनवेल आणि पुढे गलबतांनी मुंबई. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. मात्र १८६३ च्या घाटमार्गाने, २५ बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण पार करून, खोपोलीला बाजूला टाकले. घाटाच्या पायथ्याचे मुख्य स्थानक म्हणून कर्जतचे महत्त्व वाढले.

३/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मुंबईत भाव कडाडले. वजन वाढवण्यासाठी रुईत पाणी, माती, सरकी मिसळली जाऊ लागली.

४/ १८६३ च्या ९ व्या कायद्याने भेसळ हा गुन्हा ठरवला आणि तपासनीस नेमले. त्यांचा खर्च मात्र कापसावरील आकारणीतून भागवला जाई.

५/ १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि वाद उफाळला. खरेदीदार नमुना स्वतःच पारखतो, दाबलेल्या गाठीच्या पोटात अधिकाऱ्यास काय दिसणार, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप होता. कायद्याचे समर्थक उलट विचारीत : भेसळीच्या मालालाही तोच भाव मिळत असेल, तर शेतकऱ्याने कापूस स्वच्छ का ठेवावा? १८७४-७५ मध्ये आयोगाने चौकशी केली, १८७८ मध्ये नवा कायदा आला आणि काही वर्षांतच तोही रद्द झाला.

६/ प्रश्न मात्र मिटला नव्हता. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने संरक्षित प्रदेशात बाहेरचा कापूस आणण्यास परवाना आवश्यक केला. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक बंधनकारक झाला. ही खूण शुद्धतेची हमी नव्हती. गाठ कोणी बांधली, एवढेच ती सांगे. भेसळ उघडकीस आल्यास जबाबदार कोण, हे ठरवण्यास तेवढे पुरेसे होते.