घोड्याचे शास्त्र आणि ऐकण्याची परंपरा

लढाया, स्वाऱ्या आणि तहनामे यांनी भरलेल्या आपल्या इतिहासलेखनात घोडा सर्वत्र आहे. पण तो दौडतानाच दिसतो. त्याला चंदी कोणी चारली, त्याचा खरारा कोणी केला, लगाम घेण्यास त्याला कोणी आणि कसे शिकवले, हे क्वचितच दिसते. अश्वप्रशिक्षणाविषयीचे काही पॉडकास्ट अलीकडे ऐकताना ही उणीव आम्हांला विशेष जाणवली. आमच्या परभणीत घोडा आता बहुधा लग्नाच्या वरातीत भेटतो. त्याच्याविषयीचे नैतिक चिंतन मात्र इंग्रजीतून, सातासमुद्रापलीकडून कानावर यावे, यात काही विसंगती आहे.

या पॉडकास्टांत वॉरविक शिलर यांच्यासारखे प्रशिक्षक आपल्याच जुन्या पद्धतींची उलटतपासणी करताना ऐकू येतात. अशा चर्चांतून एक सूत्र वारंवार पुढे येते. लगामाच्या ताणाने घोडा शिकत नाही. योग्य प्रतिसाद मिळताच तो ताण सैल होतो, त्या क्षणी तो शिकतो. ताण सुटलाच नाही तर घोड्यापुढे दोन वाटा उरतात, बंड करणे किंवा सुन्न होणे. त्या सुन्नपणालाच आपण ‘गरीब घोडा’ म्हणून वाखाणतो. दुसरे सूत्र संगोपनाचे आहे. घोड्याला स्वजातीयांची सोबत, दिवसभर थोडाथोडा चारा आणि हिंडण्याची मोकळीक हवी. ही चैन नव्हे, गरज होय.

हे सारे नवे आहे काय? ग्रीक लेखक झेनोफन याने इ. स. पूर्व चौथ्या शतकातच, रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, असे बजावले होते. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावावर असलेली अश्वविद्या सुश्रुताचे प्रश्न आणि शालिहोत्राची उत्तरे अशा संवादरूपात आली आहे. म्हणजे हे शास्त्र मुळात कोणी विचारावे आणि कोणी सांगावे, असेच घडले आहे. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याचा आहार ठरवून दिला. युद्ध, व्याधी किंवा वार्धक्य यांमुळे निकामी झालेल्या घोड्याच्या पोषणाची तरतूद केली आणि चिकित्सेतील हयगयीने रोग बळावल्यास दंड सांगितला. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात आजचा मराठवाडा मोडत असे. त्या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, ११२९च्या सुमारास, ‘वाजिवाह्यालीविनोद’ या प्रकरणात घोड्यांची पारख, त्यांचे शिक्षण आणि घोड्यावरून खेळायचा चेंडूचा खेळ यांचे वर्णन आले. मराठीच्या आरंभकाळातील ओळींसाठी आपण हा ग्रंथ वर्गात हटकून सांगतो. त्यातला घोडा मात्र वगळतो.

शिवकाळात हीच दृष्टी कारभाराच्या भाषेत दिसते. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद अशी व्यवस्था सभासदाने नोंदवली आहे. पावसाळी छावणीसाठी दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा सिद्ध ठेवल्या जात, हेही तो सांगतो. १६७३–७४च्या सुमारास चिपळूण परिसरातील लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र सुपरिचित आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, या आज्ञेसाठी ते उद्धृत केले जाते. परंतु त्या पत्राची सुरुवातीची चिंता दाणावैरणीची आहे. साठा बेतशीर वापरला नाही तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. येथे भूतदयेचा उमाळा नाही. येथे जबाबदारी निश्चित केली आहे. घोड्याचा मृत्यू हा दैवाचा भाग न राहता कोणाच्या तरी हिशेबात मांडला जातो. घोड्याच्या नीतीचा आपल्या परंपरेतील गाभा आम्हांला येथे दिसतो.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरण करणे योग्य नव्हे. येथला घोडा राज्याची संपत्ती आणि युद्धाचे साधन होता. अश्वशास्त्राचे ग्रंथ चाबूक वर्ज्य मानत नाहीत. दोष न ओळखता, अस्थानी मारल्यास घोडा बिघडतो, एवढेच ते सांगतात. घोडा फिरवून शिकवणाऱ्याला आपल्या भाषेने ‘चाबुकस्वार’ म्हटले, यातच पुष्कळ काही आले. शिवाय ग्रंथ राजांचे, पत्रे दरबाराची. पहाटे ठाणावर जाऊन घोड्याच्या कानांवरून त्याचा कल ओळखणाऱ्या मोतद्दाराचे म्हणणे कोणी टिपून घेतले? त्याचे शास्त्र बापाकडून लेकाकडे, कानोकानी गेले. आणि पागा मोडल्या तसे तेही विरत गेले. आता ‘तोबरा’ भरतो तो माणसाच्या तोंडात आणि ‘खोगीरभरती’ होते ती पुस्तकांत.

वर्तमान याहून अवघड आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच राष्ट्रीय नोंदणी मिळाली. खुद्द परभणीत १९७२पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. काटेरी लगामाला १९६५च्या नियमांनी मनाई केली आहे. तरीही वाजंत्रीच्या गदारोळात नाचवल्या जाणाऱ्या घोड्याच्या तोंडात तो आढळतो. इथेच घोडे पेंड खाते. त्या घोड्याचा मालक बहुधा हातावर पोट असलेला असतो. त्याला क्रूर ठरवणे सोपे आहे. वरातीसाठी ‘नाचणारा’ घोडाच हवा असा हट्ट धरणारे आपण सुशिक्षित यजमान मात्र या हिशेबातून अलगद सुटतो. चिपळूणच्या पत्राची कसोटी लावली, तर सुटता येणार नाही.

म्हणून पॉडकास्टचे महत्त्व आम्हांला वाटते ते त्यातील परदेशी उपदेशापेक्षा त्याच्या रूपामुळे. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही त्यात बोलता येते, आणि घोड्याची मालिश करता करता ऐकताही येते. माळेगावच्या बाजारातील जुन्या जाणत्याने सांगावे, पशुवैद्याने विचारावे, प्रसंगी खोडून काढावे, आणि हे सारे मराठीत व्हावे. सुश्रुताने शालिहोत्राला प्रश्न विचारले. मोतद्दाराला ते विचारायचे अजून राहिलेच आहेत.