हुमणाचा लाल रंग कधीचा? (धागा)

बांगड्याचे हुमण हे गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील घरोघरचे रोजचे कालवण. त्यात तेल जवळजवळ नसतेच. ओले खोबरे, धणे, हळद आणि सुक्या लाल मिरच्या गंधासारख्या बारीक वाटायच्या, वाटण सरसरीत करून उकळायचे, सोले व ठेचलेली तिरफळे घालायची आणि मासा अगदी शेवटी सोडायचा. त्यानंतर डाव घालायचा नाही. तुकडे मोडू नयेत म्हणून भांडेच धरून हलवायचे. या कालवणाला सर्रास ‘प्राचीन’ म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये भारताच्या किनाऱ्यावर उतरला आणि १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकले. मिरची आली ती या पोर्तुगीज जहाजांच्या मार्गाने. तिचे नावही उसने आहे. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी. नव्या पाहुणीने जुन्या मसाल्याचे नाव घेतले आणि पुढे त्याची जागाही घेतली.

मग त्याआधी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गळाने मासे पकडण्याच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे, माशांच्या जाती आहेत आणि मासे रांधण्याच्या कृतीही आहेत. मिरची अर्थातच कोठेही नाही. हा राजा समुद्रापासून दूर राहणारा खरा, पण गोव्याचे कदंब चालुक्यांचे मांडलिक होते आणि कदंब राजा दुसरा जयकेशी याला चालुक्य घराण्यातील राजकन्या दिलेली होती. तरीही दरबारी पाककृतीवरून कोळ्याच्या चुलीचा अंदाज बांधताना हात आखडताच घ्यावा.

एवढे मात्र म्हणता येते की मिरी, आले, हळद, खोबरे आणि तिरफळ येथे होतेच. तिरफळाचे काळे बी टाकून देतात, वापरतात ते वरचे टरफल; त्याने जीभ किंचित बधिर होते आणि बांगडा-तारल्यांचा उग्र वास मरतो. आंबटपणा कोकमाचा. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाची ‘ब्रिंडाव’ या नावाने नोंद केली आहे. म्हणजे जुने हुमण असलेच तर ते लाल नव्हे, पिवळसर असणार.

ओर्ता ज्यू वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड वगळता, हे न्यायालय चालले आणि त्याची नजर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. १७३६ च्या फर्मानात धर्मांतरितांना अंगणात तुळस लावण्यास मनाई होती; तशीच हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्यासही.

ही दुसरी मनाई वरवर हास्यास्पद वाटते. पण भात अळणी आणि कालवण खारट-आंबट, हा या जेवणाचा तोलच आहे. हुमणातले मीठ त्या भाताच्या हिशेबाने पडते. मासा आणि भात हिंदूंच्या चुलीवरही होता, ख्रिस्ती चुलीवरही. त्यावरून कोणाला ओळखणे शक्य नव्हते. भाताच्या मिठावरून मात्र शेजाऱ्याची चहाडी करता येत होती.