हरिपूरची पेवं

सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानावर मी उमेदीची वर्षं काढली. काम चोपड्या लिहिण्याचं, पण हळद ओळखायला शिकलो ती हमाल आणि तोलारांकडून. हळकुंड दोन्ही हातांत धरून मोडायचं. कट्कन आवाज आला आणि आत केशरी रंग दिसला, की माल चोख. मोडताना लवलं तर ओल आहे, भाव पाडा. यात करक्युमिन किती, असं तेव्हा कुणी विचारत नसे.

माल राहायचा हरिपूरला. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव सांगलीला लागूनच आहे. तिथली माती चिकट आणि घट्ट, तिच्यात पाणी सहसा झिरपत नाही. म्हणून तिथे पेवं खोदली गेली. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट रांजणासारखं फुगलेलं, खोली वीस-पंचवीस फूट. आतून पाला-चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, मग किडीला जगायला काही उरत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. मालक बदलायचे, पण पेवातली हळद जागची हलायची नाही.

पेव उघडणं मात्र जिवावरचं काम. तोंड मोकळं करून काही तास तसंच सोडायचं, मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. घाई केलेली माणसं आत गुदमरून गेलेली आहेत. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती, हमालांच्या अंगात होती, आणि तिची मजुरी त्यांना कधी मिळाली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

2005च्या महापुराने या व्यवस्थेची कंबर मोडली. पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली. उरलेला धंदा गोदामं आणि शीतगृहांकडे गेला.

गंमत अशी, की हळद टिकवायला आम्ही प्राणवायू कोंडून मारत होतो, आणि आज तीच हळद शरीरातल्या प्राणवायूच्या उपद्व्यापांवर उतारा म्हणून विकली जाते. हळदीचा पिवळा रंग ज्याचा, ते करक्युमिन 1815 मध्ये व्होगेल आणि पेल्टिए यांनी वेगळं काढलं. त्याची रचना कळायला 1910 उजाडलं. परीक्षानळीत ते पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना आवरतं, म्हणून त्याची गणना अँटिऑक्सिडंटमध्ये होते.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि 1953चा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवला, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. बाजारात उत्साह संचारला. पण त्या निकालाने एवढंच ठरलं, की हा वापर जुना आहे. हळदीने रोग टळतात, असं त्यात कुठेही नव्हतं. आमच्या लोकांनी मात्र तसंच ऐकलं, आणि पुढे कॅप्सूलचं पेव फुटलं.

परीक्षानळीतला गुण शरीरात दिसेलच असं नाही. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले. बीटा कॅरोटीन हे गाजरातलं नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तो 18 टक्क्यांनी वाढला. करक्युमिनची गोष्ट आणखी वेगळी: वाळलेल्या हळदीत ते जेमतेम तीनेक टक्के, आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. ते जास्त शोषलं जावं म्हणून गोळ्यांत मिऱ्यांचा अर्क घालतात. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं 2019 मध्ये इटलीत नोंदली गेली.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच झालं. आता तिच्या नावावर औषधाचे दावे चिकटवू नयेत. फोडणीतली चिमूट खुशाल घाला, डाळी-भाज्या भरपूर खा. करक्युमिनची गोळी सुरू करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका.